तेलगिरणीतला जिना

प्रिय गौरांग,

हे पत्र मी टाकणार नाही, तरी लिहितेय. नाशिकरोडच्या जुन्या तेलगिरणीचं आपलं घर होत आलंय. छपराचे मधले पत्रे काढून काच बसवली, आता सकाळपासून आत लख्ख ऊन असतं. कितीदा चुना दिला तरी भिंतींचा शेंगदाणा तेलाचा वास मात्र जात नाही.

तू टोरांटोलाच राहणार, तिच्यासोबत, हे तू गणपतीत फोनवर सांगितलंस. मी इथे कुणालाच बोलले नाही. खंडेराव मिस्त्री रोज विचारायचे, "साहेब कधी येणार?" मी म्हणायचे, "दिवाळीला." तेच तेच सांगून दमले रे.

आज ते तुझ्या माळ्याचा जिना करायला बसले. तू उंच, म्हणून नकाशात पायऱ्याही उंच काढल्या होत्या मी. एकदम तोंडून निघालं, "साहेब नाही येणार. कधीच."

त्यांनी नकाशा गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ताई, मंग पायरी तुमच्या हिशोबानं करू. पाय उचला, कुठवर सहज जातो ते बघू."

पाय फार वर गेला नाही. त्यांनी तिथेच खडूने खूण केली.

यशश्री