जिल्ह्याच्या गावातल्या दोन खोल्या

१७ ऑगस्ट १९८२
लातूर जिल्हा झाला! घरमालक गुरुबसप्पांना आडत दुकानात जाऊन पेढा भरवला. आता कलेक्टर येणार, ऑफिसं येणार, गावाला भाव येणार, हे सगळं समजावून सांगितलं. मन लावून ऐकत होते. समजूतदार माणूस.

२ ऑक्टोबर
पाऊस नाही. साहेबलोक मात्र आले. किराया दुप्पट झाला म्हणून शेजारचा मारोती बायकोपोरांसकट औशाला गेला. बिचारा! माझी गोष्ट वेगळी. जुना किरायदार म्हणजे घरचाच माणूस.

मेव्हणा औसा रोडला प्लॉट घेतोय, अर्धा तुम्ही घ्या म्हणतो. शिवकन्याही भावाची री ओढत मागे लागली आहे. दुष्काळात जागेचे भाव पडतात, जरा थांब, असं तिला सांगितलं. बायकांना इकॉनॉमिक्स कळत नाही.

१४ डिसेंबर
भाव वाढले. तात्पुरती सूज आहे.

घरटंचाईवर कलेक्टर ऑफिसला निवेदन दिलं. माणसं वाढली, घरं तेवढीच. दुष्काळामुळे खेड्यातले लोकही इथंच. पैसेवाले प्लॉटला तार ओढून नुसते बसलेत. उपाय: सरकारी क्वार्टर बांधा, पडीक प्लॉटवर कर लावा, किरायाला लगाम घाला. निवेदन दारातल्या शिपायानं घेतलं. वर मलाच विचारलं, ‘गुरुजी, एखादी खोली हाय का बघण्यात?’

११ मार्च १९८३, रात्री
नळाला पाणी नाही. आमच्या अंगणातल्या आडाला आहे. बाहेर बोलू नका, अशी शिवकन्येची ताकीद.

हॉटेलात नवे इंजिनिअर विरूपाक्ष साहेब भेटले. पाण्याचं घर मिळत नाही म्हणून वैतागलेले. निवेदनाची प्रत द्यायला घरी आणलं. दारी आलेल्याला पाणी तर द्यावंच लागतं. ताजी बादली शेंदली. दोन तांबे प्यायले. मग दोन्ही खोल्या दाखवल्या. इतक्या जागेत संसार कसा होतो, ते अधिकाऱ्यांना कळायला हवं. त्यांनी स्वयंपाकघर पावलांनी मोजलं. अभ्यासू माणूस! शिवकन्या जेवली नाही.

१९ मार्च
गुरुबसप्पा आले. म्हणाले, ‘गुरुजी, तुमीच म्हनले व्हते, भाव येनार. आला की! साहेब दुप्पट द्यायलेत. पानी बी आवडलंय त्यांना. मी तरी काय करू?’ महिनाअखेरीला खोल्या रिकाम्या करायच्या. विचार करून सांगतो म्हटलं. विचार कसला करणार, डोंबल! रडू आलं.

२६ मार्च
घर शोधतोय. सगळीकडे एकच प्रश्न: कोणत्या ऑफिसात? शाळेत म्हटलं की दार अर्धं मिटतं. निवेदनाला स्मरणपत्र पाठवलं. शिवकन्या सामान बांधतेय. मला काही विचारत नाही.

५ एप्रिल, औसा
मारोतीनंच शेजारची खोली मिळवून दिली. खोली एकच.

शाळा सुटल्यावर राहिलेला पाटा आणायला जुन्या घरी गेलो. घशाला कोरड पडली होती. साहेबांच्या बाईंनी अर्धा पेला पाणी दिलं. म्हणाल्या, ‘जपून वापरावं लागतं हो.’ अगदी खरं, म्हटलं. पाणी गोड होतं.

पाटा मांडीवर घेऊन बसनं परत आलो. औसा आपल्याच जिल्ह्यात आहे, एवढं एक बरं.