माटवीतल्या पपनसाची साल

तीर्थरूप रुक्मिणीआत्येस,

मुलुंडहून अनुपमाचा नमस्कार. (वाकून, पूर्ण केला आहे, पण रागात.) तुझे गुडघे, चेंबूरची हवा आणि वरच्या मजल्यावरच्यांचा मिक्सर, सगळं बरं असेल.

लहानपणी गणपतीच्या डोक्यावर फळं टांगून बांधलेल्या माटवीतलं पपनस सोलून मी साल फेकायला निघाले, तेव्हा तू मनगट धरून म्हणालीस, "देवाकडल्या फळाची सालय देवाचीच, बाय." पस्तीस वर्षं ते वाक्य मला प्रेमाचं वाटत आलं. आता ते तुझ्या भावाच्या, आमच्या अण्णांच्या रक्तदाबात शिरलंय.

तू मोबाइलवर चिनी वैद्यकाचे व्हिडिओ बघतेस, याला माझी हरकत नव्हती. तिकडे पपनसाची वाळवलेली साल खोकल्यावर देतात, तेही खरं असेल. पण तिथला वैद्य नाडी बघतो, जीभ बघतो, चालू औषधं विचारतो. तू फोनवर भावाचा खोकला ऐकलास आणि वाळवलेल्या सालींची बरणी धाडलीस. (वर चिठ्ठी: 'जितकी जुनी तितकी गुणी.' हा नियम तू स्वतःलाही लावतेस, माहीत आहे.) त्यात साल माटवीतली, म्हणजे प्रसाद, आणि प्रसादाला नाही म्हणायचं नाही, हे अण्णांना तूच शिकवलेलं. बहात्तर वर्षांचा माणूस पंधरा दिवस दोन वेळा काढा प्यायला, वर यंदाचं पपनसही खाल्लं, आणि मंगळवारी चक्कर येऊन खाली वॉचमनच्या खुर्चीत बसला. डॉक्टर म्हणाले, यांच्या रक्तदाबाच्या गोळीबरोबर पपनस चालत नाही, गोळी अंगात जास्तच चढते. मी बरणी दाखवली, तर त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि छान आहे म्हणाले. मला तिथेच रडू आलं.

घरी येऊन मी बरणी टाकायला काढली, तर अण्णा म्हणाले, "अनु, डॉक्टर कालचा. अक्का माझ्या जन्माच्या आधीची." आणि बरणी देवघरात नेऊन ठेवली. आता आंघोळ केल्याशिवाय मला तिला हातसुद्धा लावता येत नाही.

तुझी,
अनुपमा

ता.क. अण्णांचा खोकला गेला. हे तुला सांगणार नव्हते.

ता.क. आणखी एक. गेल्या महिन्यात तू मला तुझ्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवलास ना? गोळी अण्णांचीच आहे, आणि काढा तूही रोज घेतेस. अख्खं पत्र त्यासाठीच. गोळी चालू ठेव, काढा बंद कर, आणि आमच्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत इथे राहायला ये. मुलुंडचं पाणी तुला पचत नाही, हे जन्मभर ऐकतेय. चेंबूरचं कॅन भरून आण. तू नाही म्हणशीलच. पण या वेळी समोर येऊन म्हण.