नऊ जिरॅनियमची व्यवस्था

मी, गुरुनाथ दत्तात्रय मिरजकर, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार नेपरव्हिल, इलिनॉय, हे स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसून, चष्मा लावून लिहीत आहे. कोणी लिहायला सांगितलेलं नाही, कोणी शेजारी बसून सांगतही नाही. येत्या वीस तारखेला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. त्यातून परत येणं-न येणं माझ्या हातात नाही, म्हणून जे हातात आहे ते आज लावून ठेवतो.

डोकं ठिकाणावर आहे. वकिलांना त्याचा दाखला हवा होता, म्हणून डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. पासष्टला ते पुरे म्हणाले, पण मी दोनापर्यंत जाऊन थांबलो. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. याचं इंग्रजी वकील करून घेतील, अर्थ मात्र या मराठीचा धरावा.

१. हे घर, गाडी आणि बँकेत जे असेल ते सर्व माझी एकुलती एक मुलगी उर्वी, राहणार बॉथेल, वॉशिंग्टन, हिचं. उर्वी, घर विकायचं असेल तर विक. आईबाबांचं घर म्हणून नुसतं कुलूप लावून ठेवू नकोस. इकडच्या थंडीत रिकाम्या घराचे पाइप फुटतात. वरच्या मजल्यावरचं तुझ्या खोलीतलं कपाट मी उघडलेलं नाही. ते तूच रिकामं कर.

२. तुझ्या आईच्या पाटल्या आणि मोहनमाळ माझी नात अनिका हिला. तिला घालायच्या नसल्या तरी चालेल. कुणाच्या होत्या ते माहीत असलं म्हणजे झालं.

३. गॅरेजमधलं लहान लेथ, मायक्रोमीटरचे तिन्ही संच, व्हर्नियर आणि कानशी, मी ज्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे वर्ग केले तिथल्या वर्कशॉपला द्यावीत. मी कोल्हापुरात मॅट्रिक होऊन वर्कशॉपात लागलो आणि शहात्तर साली मोठ्या बहिणीमुळे इकडे आलो. इंजिनियर नाही. टूलमेकर म्हणून बत्तीस वर्षं नोकरी केली. ड्रॉइंग वाचायला आणि इंग्रजी बोलायला एकदमच शिकलो, म्हणून माझं इंग्रजी अजून इंचात आहे असं शोभना म्हणायची. शोभना म्हणजे माझी पत्नी. ती दोन हजार तेवीसच्या जानेवारीत गेली.

ती गेल्यापासून मला फारसं काही वाटत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं. उर्वीला याची काळजी वाटते. दुखत नाही, एवढं तिने लक्षात ठेवावं.

४. राग. हाही मालमत्तेत धरतात की नाही मला माहीत नाही, पण मी सत्तावीस वर्षं सांभाळलेला आहे, तेव्हा त्याची नोंद हवी.

अठ्ठ्याण्णव सालच्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाचं मखर मी केलं होतं. चार वीकएंड गॅरेजमध्ये बसून, एक खिळा न वापरता, नुसत्या खाचांवर. समारोपाला चार शब्द बोलावेत म्हणून मी उठलो, तर आमचे अध्यक्ष डॉक्टर हेमचंद्र पारसनीस सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरुनाथ, तू पडदा सांभाळ. बोलायचं काम शिकलेल्यांना करू दे." लोक हसले. मी पडदा सांभाळला. त्यानंतर त्या घराची पायरी चढलो नाही, आणि शोभनेनेही चढू नये असं सांगितलं. ती बरं म्हणाली. डॉक्टरांच्या पत्नी कांचनवहिनी ही तिची इथली पहिली मैत्रीण, पण ती बरं म्हणाली.

दोन हजार एकोणीसमध्ये डॉक्टर गेले. मी भेटायला गेलो नाही. शोभना त्या दिवशी लायब्ररीत गेली होती. दर गुरुवारी जायची. पुस्तक क्वचितच आणायची, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

हा राग मी कोणाच्याही नावे ठेवत नाही.

५. माझं दहन इथेच करावं. अस्थी शोभनेच्या गेल्या त्याच नदीत सोडाव्यात. फॉक्स नदीच्या त्या काठावर गाडी लावायला जागा आहे. तेरा दिवस कोणी अडकून पडू नये. उर्वीची रजा तितकी नसते.

६. आता जिरॅनियम. या कलमाशी मी तीन दिवस अडलो होतो.

माझ्याकडे डाळिंबी रंगाच्या जिरॅनियमच्या नऊ कुंड्या आहेत. आज त्या मागच्या डेकवर आहेत आणि फुललेल्या आहेत. पुढच्या आठवड्यात पारा बत्तीस फॅरनहाइटवर, म्हणजे पाणी गोठेल इतका खाली, येणार असं सांगतात. त्याआधी त्या आत आल्या नाहीत तर एका रात्रीत संपतील.

त्यांचं मूळ असं. आम्ही पहिल्यांदा भाड्याने राहिलो तिथली घरमालकीण पोलिश म्हातारी होती. ऑक्टोबर आला की ती कुंड्यांतून झाडं उपटायची, माती झटकायची आणि मुळं वर करून तळघरात उलटी टांगायची. मला वाटलं, नजर लागू नये म्हणून टांगते. मार्चमध्ये तीच वाळकी काटकी मातीत खोचली आणि त्याला पान फुटलं, तेव्हा शोभना तिच्या मागेच लागली. म्हातारीने तिला एक झाड दिलं. या घरात आल्यावर त्या एकाची सतरा झाली. दर हिवाळ्यात ती आमच्या तळघरात जिन्याखालच्या थंड कोपऱ्यात टांगलेली असायची. मी तिकडे फ्यूज बदलायलाच काय तो जायचो.

शोभना गेली ती ऐन हिवाळ्यात. दिवस झाल्यावर उर्वी परत गेली आणि मी तळघरात उतरलो. सतरा काटक्या टांगलेल्या. मला त्या बघवल्या नाहीत. सगळ्या वर आणल्या, कुंड्यांत लावल्या आणि हॉलमध्ये हीटरजवळ, थंडीसाठी आत घेतलेल्या तुळशीच्या शेजारी ओळीने मांडल्या. तुळशीला पाणी घालायचं काम तिचं होतं, ते आता माझ्याकडे आलं होतं. तेव्हा रोज आंघोळ झाली की तुळशीला एक तांब्या, आणि पंक्तिभेद नको म्हणून या सतरांनाही एकेक तांब्या. अठरा वेळा नळावर जायचो. सकाळचा वेळ बरा जायचा.

दहा दिवसांत फिकट पानं फुटली. मी उर्वीला फोटो पाठवला. मग बुंधे खालून काळे पडायला लागले. बोट लावलं की आत जायचं. मला वाटलं तहानलीत, म्हणून संध्याकाळीही घातलं. मार्चअखेर सतराही कुजली. उर्वीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, इट्स ओके. झाडंच आहेत. मेमध्ये दुकानात मिळतात." तिचं बरोबर होतं. मी फोन ठेवला आणि कुंड्या धुतल्या.

एप्रिलात दारावर बेल वाजली. कांचनवहिनी. पंचवीस वर्षांनी पाहत होतो. शॉमबर्गहून स्वतः गाडी चालवत आल्या होत्या, आणि हातात किराणा थंड ठेवायच्या जाड पिशवीत गुंडाळलेली एक कुंडी होती. आत येऊ का म्हणाल्या. या म्हटलं. चहा मी केला. त्यांनी धुतलेल्या कुंड्यांची चळत पाहिली आणि विचारलं, पाणी कधी घालत होतात?

"रोज. आंघोळ झाली की."

"या झाडांना? हिवाळ्यात?"

"तुळशीला घालतो तसं."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "शोभनाला हे सांगता आलं असतं तर पोट धरून हसली असती, भाऊजी."

मग त्यांनी सांगितलं ते असं. शोभना दर सप्टेंबरला त्यांना एक फांदी नेऊन द्यायची, गुरुवारी. एकाच तळघरात सगळं ठेवू नये, म्हणायची. कांचनवहिनी ती आपल्या बंद, हीटर नसलेल्या व्हरांड्यात वाढवायच्या. त्यांनी आणलेली कुंडी ही शोभनेने दिलेल्या शेवटच्या फांदीची होती. मी ती ठेवून घेतली. थँक्यू म्हणालो की नाही आठवत नाही.

आजची नऊ झाडं त्या एकाची आहेत. गेले दोन हिवाळे मी ती जगवली, आणि जे चुकून शिकलो ते पुढे लिहितो, म्हणजे पुन्हा चुकायला नको:

रात्रीचा पारा चाळिसाजवळ आला की आत घ्यायची. उपटून माती झटकायची, दोन दिवस सावलीत सुकवायची, ब्राउन पेपरच्या पिशवीत घालून, पिशवीला चार भोकं पाडून, उलटी टांगायची. कोपऱ्यात थर्मामीटर ठोकला आहे. पंचेचाळीस ते पन्नासच्या मध्ये हवं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुळं तासभर पाण्यात बुडवायची, निथळवायची, परत टांगायची. याखेरीज एक थेंबही नाही. जानेवारीत ती मेलेली दिसतील. फेकू नयेत. नखाने साल किंचित खरवडून बघावी. आत हिरवं दिसलं तर परत पिशवीत.

इतकं लिहून झालं, पण द्यायची कोणाला ते सुचेना. उर्वीला सप्टेंबरमध्ये विचारलं होतं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही या ना इकडे, झाडं राहू दे. तिच्याकडे तळघर नाही आणि निम्मा महिना ती प्रवासात असते. तिच्यावर बोजा नको. कांचनवहिनी शहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांच्या घरात जाऊन काही मागायला माझी जीभ अजून वळत नाही. म्हणून मी हे कलम पुढीलप्रमाणे लिहिलं होतं. ते खोडलं आहे, पण वाचता येईल असं ठेवलं आहे:

"नऊही कुंड्या डेकवरच राहू द्याव्यात. थंडी पडेल त्या रात्री जातील. त्यांना काही कळत नाही."

खाली सही करायला दोन साक्षीदार लागतात. एक शेजारचे शैलेंद्र. दुसऱ्या म्हणून कांचनवहिनींना बोलावलं, कारण त्यांच्या नावे मी काहीच ठेवलं नव्हतं, आणि ज्याला काही मिळतं त्याची साक्ष इथे चालत नाही. आज दुपारी त्या आल्या. चष्मा लावून सगळं वाचलं. चौथं कलम दोनदा वाचलं. सहाव्याशी आल्या आणि पेनाचं टोपण लावून पेन टेबलावर ठेवलं.

"भाऊजी, सही करणाऱ्याला यातलं काही मिळत नाही ना?"

"नाही."

"मग मी सही करत नाही."

मी म्हटलं, वहिनी, तुमचे गुडघे, चाळीस मिनिटांचं ड्राइव्ह, बर्फ. त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षं दर गुरुवारी ती यायची, तेव्हा काय बर्फ पडत नव्हता?" आणि मग म्हणाल्या, "ह्यांनी जाण्याच्या आदल्या आठवड्यात विचारलं होतं मला, ते मखर अजून आहे का म्हणून. माझ्या गॅरेजमध्ये आहे ते. एक खाच हललेली नाही."

त्यांनी विचारलं, शस्त्रक्रिया होऊन तुम्ही परत आलात, तर? मी म्हटलं, तर झाडं इथेच राहतील, माझी मी बघेन.

"मग आजच उपटायला घेऊ. शॉमबर्गला नको, माझ्या व्हरांड्यात नऊ मावत नाहीत. इथेच राहू देत. पहिल्या रविवारी मी येईन पाणी दाखवायला. तुम्ही असा, नाही तर नसा. असलात तर चहा करा."

सबब सहावं कलम बदललं ते असं: नऊही जिरॅनियम, कुंड्या, पिशव्या आणि थर्मामीटरसकट, कांचन हेमचंद्र पारसनीस यांची. मार्च संपेपर्यंत हे घर विकायला काढू नये. उर्वी, तुझ्यावर घातलेली ही एवढी एकच अट. मार्चनंतर घर तुझं.

७. आज संध्याकाळी आम्ही दोघांनी नऊ झाडं उपटली. दोन दिवस सुकवायची असतात, त्यामुळे ती तळघरात वर्तमानपत्रावर मांडून ठेवली आहेत. टांगायला त्या मंगळवारी येणार आहेत. मातीने माझी नखं काळी झाली आहेत. धुतली, तरी थोडी राहिली.

८. तळघराच्या मागच्या दाराची एक किल्ली मी आज, हयातीतच, कांचनवहिनींना दिली आहे. ती इस्टेटीत मोजू नये, परत मागू नये.

हे सर्व मी वाचून पाहिलं, बरोबर आहे, आणि खालच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

गुरुनाथ दत्तात्रय मिरजकर

साक्षीदार:
(१) शैलेंद्र वाकणकर, शेजारी, नेपरव्हिल. यांना काही ठेवलेलं नाही. बर्फ काढायचं यंत्र त्यांच्याकडेच आहे, ते मी विसरलो आहे.
(२) नरेंद्र गोखले, मंडळाचे सध्याचे अध्यक्ष. रविवार असूनही फोन केल्यावर अर्ध्या तासात आले.

स्थळ: नेपरव्हिल, इलिनॉय
दिनांक: रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. बाहेर एक्केचाळीस, तळघरात एकोणपन्नास.