रिकामा आलेला डबा

३ मार्च २००६, शुक्र. शुगर लँड, टेक्सस
हे नायजेरियाहून आले, तेलकंपनीच्या कॅम्पवरची २८ दिवसांची पाळी संपवून. बॅगेत: धुणं, कंपनीचं मासिक, माझा स्टीलचा डबा. नाचणीसत्त्व भरून दिला होता कॅम्पवरच्या ब्लेसिंगला (नाचणी ४ डॉलर, वेलची घरची). ती तिथं स्वयंपाक करते. एचआयव्ही आहे तिला, कंपनीच्या क्लिनिकच्या गोळ्यांवर सुधारली. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, हे ह्यांनी पहिल्याच खेपेला तिला गमतीनं सांगितलं. तेव्हापासून दर वेळी भुईमुगाच्या शेंगा. आज रिकामा. कडेला सत्त्व तसंच चिकटलेलं. बाईमाणसानं धुतलेला डबा नव्हे.
"घाईत राहिलं असेल गं."
पाच खेपांत राहिलं नाही.

७ मार्च, मंगळ.
मासिकात ब्लेसिंगचा फोटो! हसतेय. खाली छापलंय, आमच्या एकाही कामगाराचे उपचार थांबत नाहीत. मुलीकडून, मुग्धाकडून, दोनदा वाचून घेतलं. पण ॲप्रनवर जुन्या कंत्राटदाराचं नाव. त्याचं कंत्राट तर डिसेंबरातच संपलं. मग फोटो कधीचा?
ह्यांना विचारलं, नव्या कंत्राटदारानं सगळ्यांना ठेवलं ना? "बहुतेक." बहुतेक म्हणजे? "तू पोलिसात जायला हवं होतंस."

९ मार्च, गुरु. उपास.
मुग्धा म्हणते, "आई, इट्स अ बिझनेस. क्लिनिक एम्प्लॉयीजसाठीच असणार ना." असेल. देवळात प्रसाद देताना कोणी नोकरी विचारत नाही. आणि गोळ्या रोजच्या, एक दिवस चुकवायच्या नाहीत. तिनंच मला पाठवलेल्या दिवाळीच्या कार्डात लिहिलं होतं.

३० मार्च. पाडवा.
श्रीखंड वाढताना ह्यांनी सांगितलं एकदाचं. जानेवारीतच काढलं तिला. त्याबरोबर क्लिनिकचं कार्डही गेलं.
"सरकारी दवाखान्यात मिळतात म्हणे गोळ्या."
म्हणे!
मग या खेपेचं सत्त्व कोणी खाल्लं?
"मी."
आणि तिथून दर रविवारी फोनवर सांगायचे, ब्लेसिंग मजेत आहे. आता ह्यांचं कुठलं बोलणं...

३१ मार्च, शुक्र.
हे परत पाळीवर गेले. डबा दिला नाही. मुग्धाकडून पत्र इंग्रजीत करून घेतलं, दिवाळीच्या कार्डावरच्या तिच्या चर्चच्या पत्त्यावर स्वतः टाकून आले. मूळ मजकूर इथे ठेवते:
ब्लेसिंगबाई, शेंगा नकोत. गोळ्या चालू आहेत की बंद, तेवढं खरं लिही. साहेबांच्या हाती निरोप देऊ नकोस. स्वतःच्या अक्षरात, उलट टपाली कळव.