काट्यावरचे दहा सेकंद

१० नोव्हेंबर, सोमवार

आज परत! दोन वाजता वजनकाट्याचा प्रोग्राम बंद करून चालू केला आणि चार ट्रेलरच्या पावत्या गायब. वजन झालेलं, ड्रायव्हरांनी आकडा डोळ्यांनी बघितलेला, पण गेटवर पावती निघेना. पावती नाही तर गेट उघडत नाही. रांग पार द्रोणागिरीच्या वळणापर्यंत गेली.

मॅनेजरसाहेब तडक काट्याच्या केबिनमध्ये. सगुणाताईंना सगळ्यांसमोर बोलले — ड्युटी संपायच्या घाईत तुम्ही वजन नोंदवायचं बटण दाबायचं विसरता. वीस वर्षं बसतायत त्या तिथे. आमच्या कंटेनर यार्डात काट्यावर बसलेली पहिली बाई. त्यांनी पुढच्या ट्रेलरचं वजन घेतलं. "चोवीस तारखेपासून काट्यावर दुसरा माणूस. तुम्ही गोडाऊनला," एवढं सांगून साहेब वर.

मला असा राग आला की डब्यातली सुकट तशीच राहिली. पण एक्केचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी, कॉम्प्युटर विभागात, तीही प्रोबेशनवर. मी कोण बोलणार?

११ नोव्हेंबर, मंगळवार

कालच्या चारांत एक ट्रेलर आमच्या ह्यांचाच होता! घरी आल्यापासून ह्यांचं हर्षद-पुराण चालू. "तीन तास सडलो गेटवर. वो काटेवाली बाई को हटाओ यार." मी म्हटलं, त्या बाईंनी मला पहिल्या दिवशी बोलावून चहा पाजला, त्यांच्याबद्दल नीट बोला. तर म्हणतात, "चहा पाजला म्हणून पावती येते काय?"

बरोबर आहे. पण बोलायची पद्धत असते.

सकाळी आमच्या विभागाच्या मितेश सरांना म्हटलं, मी शोधू का हे? सर लगेच हो म्हणाले. त्यांना उद्यानंतर वेळ नाही, बहिणीचं लग्न आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज सरांनी सिग्नल शिकवले. सर म्हणजे माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, पण शिकवतात छान. चिडत नाहीत.

प्रोग्राम चालू असताना त्याला बाहेरून काही कळवायचं तर ऑपरेटिंग सिस्टिम सिग्नल पाठवते. मला वाटलं, काहीतरी मजकूर असेल. तर नाही. नुसता नंबर! दोन म्हणजे कीबोर्डवरून कुणीतरी थांब म्हणालं. पंधरा म्हणजे आवर आणि निघ. नंबर आला की प्रोग्राम हातातलं काम आहे तिथे ठेवतो आणि त्या नंबरासाठी आधीच जे लिहून ठेवलंय ते करतो. काहीच लिहून ठेवलं नसेल तर सिस्टिमचा ठरलेला नियम — बहुतेक वेळा थेट मरण. काही नंबर ऐकून न ऐकल्यासारखे केले तरी चालतात. नऊचं मात्र तसं नाही. नऊ प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही. सिस्टिम परस्पर त्याला संपवते, आवरायला वेळ नाही, काही नाही.

मी म्हटलं, सर, हे आमच्या घरी रोज चालतं. "जेवायला चला" हा पंधरा. हे "आलो" म्हणतात आणि मॅच बघत बसतात. मग मी टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद करते, तो नऊ. सर हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी.

तर आमचा काट्याचा प्रोग्राम. वजनं आधी मेमरीत धरतो, दर पाव तासाने डिस्कवर लिहितो. गेट डिस्कवरून वाचतं. ट्रेलर सील तपासून गेटवर येईपर्यंत अर्धा तास जातोच, त्यामुळे अडत नाही. दोनला ट्रेलरची नवीन यादी येते म्हणून प्रोग्राम बंद करतात, तेव्हा त्याला पंधरा जातो. पंधरा आला की त्याने हातातली वजनं लिहायची आणि मग बंद व्हायचं. सरांनी स्वतः लिहिलंय, मी वाचलं, चोख आहे.

मग वजनं जातात कुठे?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर वाचलं. डोकं दुखलं. तीन पावत्या गेल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी केबिनमध्ये जाऊनच बसले. म्हटलं बघू तरी, ताई बटण दाबतात की नाही. दाबतात! प्रत्येक ट्रेलरला, आकडा स्थिर झाल्यावर, अगदी मायेने. दोन वाजता प्रोग्राम बंद केला तर ओठांत काहीतरी पुटपुटायला लागल्या. मी म्हटलं, ताई, देवाचं नाव घेताय काय?

"अगो न्हाय. मोजते. पयले हा फटकन बंद व्हायचा. आता दहा लागतात. रोज दहाच. ना नऊ ना अकरा."

मी विचारलं, पयले म्हणजे कधी? म्हणाल्या, "ते न्हाय ठाव," आणि चहा ओतायला लागल्या. त्यांच्या चहात आलं एवढं असतं की घसा साफ होतो.

गोडाऊनचा विषय मी काढला. "तिथं पंखा हाय काय गो?" एवढंच विचारलं त्यांनी. नाही आहे. तरी आहे म्हणून सांगितलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ताईंचे दहा लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या नोंदवहीत, सापडले!! रोज दोन वाजता सिस्टिम पंधरा पाठवते, दहा सेकंद वाट बघते आणि मग नऊ. म्हणजे आमचा प्रोग्राम बंद होतच नाही, मारला जातो. रोज! मेमरीतली वजनं त्याच्याबरोबर जातात. ताईंचा काडीचा संबंध नाही.

आता फक्त हे, की पंधरा आल्यावर हा ऐकत का नाही? रस्त्याने येताना गाणं म्हणत आले. रिक्षावाला आरशातून बघत होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल रविवार. आमच्या नात्यात केळवण दोन ठिकाणी, जेवून जेवून अंग जड झालं. आज सर सुट्टीवर, घरी हळद. आजचं एकटीने केलं, म्हणून नीट लिहून ठेवते.

आमच्या यार्डात बाहेर कंटेनर आणि कॉम्प्युटरातही कंटेनर. प्रोग्राम आपल्या एका बंद डब्यात चालतो. डब्यात जो पहिला चालू होतो त्याचा नंबर एक. बाहेरून बंद करायचा सिग्नल येतो तो फक्त एक नंबरला. आणि एक नंबरचा मान वेगळा — त्याने स्वतः काही लिहून ठेवलं नसेल तर सिस्टिमचा मरणाचा नियम त्याला लागतच नाही. पंधरा येतो आणि तो ढिम्म!

मी माझ्या मशीनवर डबा चालू केला, चार खोटी वजनं टाकली, आत डोकावले. काट्याचा प्रोग्राम एक नंबर नव्हताच. सात होता. मी त्या साताला सरळ पंधरा पाठवला. लगेच लॉगमध्ये ओळ आली — चार वजनं लिहिली, बंद होतोय. शहाणं बाळ! त्याला कुणी सांगतच नव्हतं.

मग एक नंबरवर कोण बसलंय ते बघितलं. प्रोग्राम चालू करून देणारी छोटी स्क्रिप्ट. सहा ओळी. पंधरा तिच्यापाशी येतो, ती स्वतः हलत नाही आणि आतल्यालाही सांगत नाही. दहा सेकंदांनी नऊ येतो आणि दोघं जातात.

स्क्रिप्ट उघडली. वरच्या ओळीत लिहिलंय — सुचिता, ६ ऑक्टोबर.

मी! दसऱ्यानंतर सरांनी दिलेलं पहिलं काम. प्रोग्राम चालू झाला की लॉगमध्ये तारीख यावी. तेवढ्यासाठी स्क्रिप्ट, आणि वर हौस म्हणून तारखेपुढे "सुप्रभात". दुपारी दोन वाजतासुद्धा सुप्रभात.

खूप रडले. वॉशरूममध्ये, नळ सोडून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उपाय एका शब्दाचा आहे. प्रोग्राम चालू करायच्या ओळीत सुरुवातीला एक्झेक लिहायचं. मग स्क्रिप्ट स्वतः बाजूला होते आणि तिची जागा, तिचा एक नंबर, सगळं प्रोग्रामला मिळतं. सकाळी घातला. दोन वाजता दम धरून बसले. फटकन बंद झाला. एकही पावती गेली नाही.

कुणाला काही बोलले नाही. सर आले की सांगेन असं ठरवलंय. खरं लिहायचं तर ठरवलेलं नाही. महिनाअखेरीस माझी कायम व्हायची ऑर्डर निघणार आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मी बावळट आहे. वाटलं होतं, पावत्या जायच्या थांबल्या की विषय मिटेल. आज मॅनेजरसाहेब कॅन्टीनमध्ये मोठ्या आवाजात — "बघा, दम दिला तशा सुधारल्या! म्हणजे आजपर्यंत मुद्दामच चाललं होतं." आता गोडाऊन नाहीच म्हणे, सरळ घरी. पत्र सोमवारी.

मी गुपचूप दुरुस्त केलं आणि ताई आणखी चोर ठरल्या.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे माझे तीन तास तू खाल्लेस?" मी म्हटलं, हो. तर हसायलाच लागले. "जाऊन सांग गं. नोकरी गेली तर गेली, मी आहे ना." आणि मला न विचारता चहा टाकला. साखर विसरले, पण टाकला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सर अजून सुट्टीवर. फोनवर सांगायचं धाडस नाही. उद्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं!

सर हळदीने अजून पिवळे असलेले हात घेऊन आले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, मध्ये श्वास घेतला नाही. त्यांनी स्क्रिप्ट उघडून बघितली, मग डोक्याला हात लावला. "मॅडम, हे मीच पास केलं होतं. मीच बघायला हवं होतं." असं म्हणणारा साहेब मी पहिल्यांदा बघितला.

दोघं मिळून वर गेलो. मॅनेजरसाहेबांना सिग्नल समजावता समजावता अर्धा तास. शेवटी लॉगमधले ते दहा सेकंद दाखवले, एकेका दिवसाचे, आणि अठरापासून शून्य. साहेबांनी अठराच्या ओळीवर पेनने खूण केली. मग निकाल — ताई काट्यावरच. माझं प्रोबेशन आणखी तीन महिने. आणि लॉगमधलं सुप्रभात काढायचं!

जिन्यावर सर म्हणाले, "स्वस्तात सुटलो." मला एवढी भूक लागली होती की मी त्यांच्या डब्यातलेही लाडू खाल्ले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मॅनेजरसाहेब स्वतः केबिनमध्ये जाऊन "चुकलं" म्हणाले. हळू म्हणाले, पण म्हणाले. ताईंनी त्यांना चहा दिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज केबिन झाडायला ताईंना मदत करत होते. खिडकीमागे ऑक्टोबरचं कॅलेंडरचं पान खोचलेलं होतं. पावती गेली त्या प्रत्येक दिवसावर लाल गोल. सात तारखेपासून. आणि सहाच्या चौकोनात त्यांच्या अक्षरात — सुचिताने नवीन टाकला.

मी विचारलं, ताई, हे साहेबांना का नाही दाखवलं?

"तुजी पयली नोकरी ना गो. म्हटलं तूच सापडवशील."

आणि नसतं सापडलं तर?

"तर मी गेली असती घरी," म्हणाल्या, आणि झाडू मागितला.