बांगडी कुठून वाजली

अप्पा, तुम्हाला एक बातमी द्यायची आहे. परवाच्या रविवारची, कोन गावची, आणि थेट तुमच्या कानांबद्दलची. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मधे घरात लग्नं झाली, बारशी झाली, आईही गेली, पण मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आता मात्र राहवत नाही. काल बँकेत एका गृहस्थांच्या मुदत ठेवीचं काम करताना मला मधेच हसू फुटलं आणि ते बिचारे आपलं काय चुकलं म्हणून घाबरून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय सांगणार? ही गोष्ट ज्याला पुरती कळेल असा माणूस तुम्ही, आणि दुसरे म्हणजे तुमचे मित्र, काका. काका तर त्या रविवारी माझ्या शेजारीच बसले होते. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

आपले रविवार आठवतात ना? मी सातवी-आठवीत असेन. तुमची ती ऐकणाऱ्यांची मंडळी एका रविवारी एकाकडे, पुढच्या रविवारी दुसऱ्याकडे जमायची. टेलिफोन खात्यातले तुम्ही, दवाखान्याला सुट्टी देऊन येणारे डॉक्टर, लाकडाच्या वखारीचे मालक, आणि तुमचे जिवाभावाचे मित्र, शाळेत गणित शिकवणारे काका. आपल्याकडे बैठक असली की आईची पंचाईत. तबकडीची एक बाजू संपेपर्यंत फोडणी द्यायची नाही, असा तुमचा कायदा. ती चिरलेला कांदा आणि भिजवलेले पोहे पुढ्यात घेऊन स्वयंपाकघरात गप्प बसून असायची, आणि इकडे सुई उचलली रे उचलली की तिकडे मोहरी तडतडायची. डॉक्टर म्हणायचे, वहिनींचा ताल अगदी पक्का आहे. आई आतून म्हणायची, "ताल कसला, पोह्यांचा लगदा झालाय." तुम्ही तेवढ्यापुरते हसायचात आणि दुसरी बाजू लावायचात.

कुणी नवीन स्पीकर आणले, नवा अँप्लिफायर आणला, की मंडळी परीक्षेला निघायची. यजमान आपल्या यंत्राला मानवेल तेच गाणं लावणार, त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे तुमचं तत्त्व. म्हणून प्रत्येकाने तोंडपाठ असलेली आपली एक तबकडी काखोटीला मारून न्यायची. तुमची ठरलेली, तुमच्या आवडत्या गाणाऱ्या बाईंची तोडी. आलाप संपत आला की एका जागी बाईंची बांगडी तंबोऱ्याला लागते. किण्ण. एवढंच. ती जागा जवळ आली की तुमचं बोट वर जायचं, सगळे श्वास रोखून बसायचे, आणि किण्ण झालं की तुम्ही बोट खाली घेऊन यजमानाकडे बघून मान डोलवायचात. झाला बिचारा पास! डॉक्टरांचे माझ्याएवढे उंच परदेशी स्पीकर बांगडीवर पास झाले. वखारवाल्यांची सागवानी खोकीही बांगडीवरच पास झाली, पण काठावर. बांगडी नेहमी उजव्या स्पीकरमधून यायची. एकदा डॉक्टरांनी त्याचं कारण विचारलं तर तुम्ही म्हणालात, "अहो, उजव्या हातात बांगडी असणार, मग उजवीकडूनच वाजणार." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तबकड्या पुसायचा तो मखमली ब्रश तुम्ही मला बक्षीस दिला होतात. बैठकीआधी तोडी पुसायचा मान माझा होता आणि मी तो वर्गातल्या मुलींना सांगून सांगून मिरवला होता.

मग काकांचा रविवार. त्यांनी अँप्लिफायर स्वतः बांधला होता. काचेचे व्हॉल्व्ह कुठून कुठून मिळवलेले, ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हाताने गुंडाळलेला, आणि त्यांच्या खोलीत मधोमध जागा करायची म्हणून काकूंनी आपलं कपाट स्वयंपाकघरात हलवलेलं. आपण निघालो तेव्हा काका अर्ध्या वाटेत सामोरे आले. तुमच्या पिशवीतली तबकडी बघून म्हणाले, "अरे, ती कशाला झिजवतोस? मी तीच आणलीय, नवी कोरी." तुम्ही मित्रासाठी तुमचं तत्त्व मोडलंत आणि आपली तबकडी पिशवीतून बाहेर काढलीच नाहीत. गाणं सुरू होतं. व्हॉल्व्ह लालसर पेटलेले आहेत, काकू दारात उभ्या आहेत, काकांनी हाताची घडी घातली आहे. मला तो आवाज इतका आवडलाय की अंगावर काटा आला आहे. तुमचं बोट वर जातं. आणि काहीच वाजत नाही. तुम्ही पुन्हा लावायला सांगता. पुन्हा नाही. तिसऱ्यांदाही नाही. मग तुम्ही म्हणता, "सगळं छान आहे रे. पण बांगडी कुठाय? तुझा अँप्लिफायर बहिरा आहे."

तुम्ही ते वाईट हेतूने म्हणाला नव्हतात, मला माहीत आहे. तुम्हाला जे ऐकू आलं ते तुम्ही बोलायचात, आणि समोरच्यानेही तसंच करावं अशी तुमची अपेक्षा होती. पण काकांनी ते मनाला लावून घेतलं. शाळेतून आले की अँप्लिफायर उघडून बसायचे, असं काकू आईला सांगायच्या. तारा बदलल्या, व्हॉल्व्ह बदलले, सुई बदलली. बांगडी काही सापडली नाही. शेवटी त्यांनी तो मोडून टाकला आणि बैठकीला येणं बंद केलं. एस.टी. स्टँडवर समोरासमोर आलात तरी तुम्ही दोघं वर्तमानपत्रात तोंड घालायचात. तुम्ही गेलात तेव्हा ते आले होते, फाटकापाशी उभे राहिले, आत आले नाहीत.

आता कोनचं ऐका! गाणं ऐकणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे, त्यावर मी तुमच्या तोडीचा फोटो टाकला होता. लगेच कोनहून एका गृहस्थांचा फोन. वडिलोपार्जित भातशेती होती त्यांची, आता बांधकामाचा धंदा आहे, आणि बंगल्यामागे त्यांनी फक्त ऐकण्यासाठी एक खोली बांधली आहे. "ताई, तुमी अप्पांची तबकडी घेऊनच या. माझ्या सिस्टीमवर बसवू या बाईंना." मी हो म्हटलं आणि मग वाटलं, काकांना विचारावं का? काका आता विचुंब्याला मुलाकडे असतात, नव्या टॉवरमध्ये. ऐंशी उलटून गेली, पण कान अजून शाबूत. फोन लावून मी म्हटलं, अप्पांची तबकडी ऐकायला चाललेय, येता का? त्यांनी विचारलं, "बांगडीवाली?" मी हो म्हणताच म्हणाले, "येतो."

न्यायला गेले तर इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन खालीच बसलेले. गाडीत म्हणाले, "एकदा ती मला नीट ऐकायचीय. आमच्या खोलीत का वाजली नाही, एवढं कळलं म्हणजे झालं. डोक्यातून जात नाही गं." मला धास्तीच बसली. तिथे ती वाजली तर म्हातारपणी पुन्हा एकदा त्यांचा अँप्लिफायर बहिरा ठरणार होता, आणि त्यांना तिथे नेणारी मी.

अप्पा, ती खोली तुम्ही पाहायला हवी होती! दार लावलं की बाहेरच्या एक्स्प्रेस-वेचा आवाज बंद. भिंतींना लाकडी पट्ट्या, विजेची वेगळी लाईन, अर्थिंगसाठी अंगणात वेगळा खड्डा. टर्नटेबलची नुसती थाळी उचलायला दोन माणसं लागतात म्हणे. स्पीकर आपल्या जुन्या गोदरेजच्या कपाटाएवढे. आणि आवाज! सुई टेकली, तंबोरा सुरू झाला आणि समोरची भिंत नाहीशी झाली. बाई समोर बसल्या होत्या, अगदी मधोमध. त्यांनी श्वास घेतलेला कळत होता, जबडा उघडल्याचं कळत होतं. मी सतरंजी शोधायला लागले, बाई बसल्यात कशावर म्हणून. काकांनी माझा हात धरला आणि सोडला नाही. आलाप उतरायला लागला, आणि काय सांगू, माझं बोट आपोआप वर गेलं. किण्ण!

"वाजली!" काका ओरडलेच. मग एकदम मऊ झाले. "म्हणजे माझंच चुकलं होतं."

घरमालकांनी सुई उचलली. कपाळाला आठ्या. "काका, एक मिनिट. ताई, ही मोनो हाय ना?" मी म्हटलं, हो, त्या काळातली आहे. "एकच माईक लावून घेतलेलं गाणं हाय. म्हणून बाई मधी बसल्यात, तंबोरा मधी हाय, तबला मधी हाय. मंग बांगडी एकटीच तिकडं उजव्या कपाटात कशी गेली?"

मी तुमची बाजू घेतली, अप्पा. म्हटलं, बांगडी उजव्या हातात होती ना. ते हसायला लागले. "अवो ताई, बाई आपल्याकडं तोंड करून बसल्यात. त्यांचा उजवा हात आपल्या डाव्या अंगाला येणार. आणि हा हात एवढा लांब? ही बांगडी गाण्यात नायच. ही तबकडीत हाय."

तेव्हा काकांनी मांडीवरची पिशवी उघडली. आत त्यांची तोडी होती, तीच, नवी कोरी म्हणून त्या दिवशी लावलेली. अँप्लिफायर मोडला, स्पीकर देऊन टाकले, पण ही त्यांनी ठेवली होती. आणि कुणाकडे ऐकायला जायचं तर आपली तबकडी बरोबर न्यायची, ही मंडळींची रीत त्यांनी इतक्या वर्षांनी पाळली होती. ती लावली. तोच आलाप, त्याच बाई, तीच जागा. बाई आवाज न फोडता षड्जावर आल्या, तंबोरा वाजत राहिला, आणि बाकी काही नाही. मग घरमालकांनी भिंग आणि दिवा आणला. तुमच्या तबकडीत त्या जागी खाचेच्या एका कडेला, जिचा आवाज उजव्या स्पीकरमधून येतो तिथे, एक बारीक टवका उडालेला आहे, तिळापेक्षाही लहान. मी तो दर रविवारी मखमली ब्रशने पुसत होते! त्याच्यावर तुम्ही डॉक्टरांना पास केलंत, वखारवाल्यांना काठावर सोडलंत, आणि ज्याच्याकडे चांगली तबकडी होती तेवढ्या एकाला नापास केलंत.

मला वाटलं काका चिडतील. चिडावं अशी माझी इच्छाही होती, म्हणजे मला तुमच्या वतीने काही बोलता आलं असतं. पण ते घरमालकांना म्हणाले, "माझी पुन्हा लावता? पहिल्यापासून. थांबवू नका." आणि डोळे मिटून त्यांनी अख्खी बाजू ऐकली. ती जागा आली आणि गेली, त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यापुढे बाई खालच्या धैवतावर बराच वेळ थांबतात आणि तिथून इतक्या अलगद वर येतात, की घरमालकांसारखा दणकट माणूस पदराने पुसावेत तसे शर्टाच्या टोकाने डोळे पुसत होता. बाजू संपल्यावर काका म्हणाले, "मी हे गाणं ऐकलंच नव्हतं गं. एवढी वर्षं नुसती बांगडी शोधत होतो." माझीही तीच गत. त्या जागेच्या पुढे बाई काय करतात हे मला कधी ठाऊकच नव्हतं, कारण तुमचं बोट खाली आलं की आमचं ऐकणं संपायचं. तुमचंही संपत असेल, अप्पा. ह्याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

परत येताना काका पुऱ्या रस्ताभर बोलत होते. कुठला व्हॉल्व्ह कुठून आणला, ट्रान्सफॉर्मरला किती वेढे दिले, काकू कपाटावरून किती दिवस बोलल्या नाहीत. विचुंब्याला उतरताना दार धरून म्हणाले, "माझा अँप्लिफायर चांगला होता." मी म्हटलं, काका, मला त्या दिवशीच आवडला होता. ते म्हणाले, "मग बोलली का नाहीस?" आणि मग, "जाऊ दे. तुझ्या बापासमोर कोण बोलणार! कळव त्याला." पुढे त्यांनी तुम्हाला एक अस्सल शिवीही दिली. ती मी गाळते आहे.

तर कळवलं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकता येणार नाही, ते टेबलाच्या खणात राहील. काकांना मात्र उद्या फोन करून सांगणार आहे, की कळवलंय म्हणून. आता एकच उरलं, ते त्यांनाही सांगणार नाही. तुमची चूक निघाली तेव्हा मला मनातून आनंद झाला, आणि तो काकांसाठी नव्हता. घरी येऊन मी माझ्या छोट्या स्पीकरवर तीच तोडी लावली, आणि तुम्ही ज्याला ढबढब म्हणून नाक मुरडायचात तो बास, तो खालचा घुमारा, मनाला येईल तेवढा वाढवला. तबल्याचा डग्गा नुसता घुमत होता. तुमच्या घरात मी हे कधी बोलले नाही, अप्पा, पण मला बास आवडतो. पहिल्यापासून.