मामंजी घरी नाहीत

ऋजुता,

आईची सकाळची गोळी दिली आहे. दुपारची ताकाबरोबर दे, पाण्याबरोबर ती थुंकते.

मी चेहऱ्याची शस्त्रक्रिया करून घ्यायला खराडीला जातो आहे. गालांची आणि गळ्याची लोंबलेली कातडी ताणून घेतात. दोन दिवस रुग्णालयात, मग सूज उतरेपर्यंत खडकीला बाळकाकाकडे. आधी सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस. तू महिनाभर इथे आहेस, म्हणून आत्ताच.

आई मला मामंजी म्हणते, हे तुला फोनवर गंमत म्हणून सांगितलं होतं. पूर्ण सांगितलं नव्हतं. मी हुबेहूब आजोबांसारखा दिसायला लागलो आहे. मी खोलीत गेलो की ती उठून उभी राहते आणि डोक्यावर पदर घेते. गाऊन असला तर टॉवेल घेते. मी बाहेर गेल्याशिवाय बसत नाही. दिवाळीपासून मी गॅलरीत जेवतो, ते हवेसाठी नव्हे.

डॉक्टर म्हणाले, "या वयात पुरुष नोकरीसाठी येतात, नाहीतर लग्नासाठी. तुमचं काय?"

"लग्नासाठीच," मी म्हटलं.

उपयोग होईलच असं नाही, हे मला कळतं.

संध्याकाळी सहाला ती दाराशी जाऊन विचारेल, "हे अजून कसे आले नाहीत?" मी रोज आजोबांसारखं "येईल एवढ्यात" म्हणतो. तू नक्की तारीख सांग. तेवीस.

— बाबा